प्रवाळांतील कोळंबीचें बारसें



ऐकणें हाच आपला ह्या घटकेचा उद्योग असल्यामुळें आरंभ एका आवाजानेंच करतों. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत, प्रवाळाच्या खडकाजवळ, पाण्याखालीं ध्वनिग्राहक सोडला तर त्यांतून काय ऐकूं येईल? लाटांची गाज? माशांची सळसळ? प्रत्यक्षांत ऐकूं येते ती तडतड. तापल्या खापरांत ज्वारीच्या लाह्या फुटाव्या, तशी ती रात्रंदिवस चाललेली असते. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या पाणबुड्यांची चाहूल घेण्यासाठीं अमेरिकन आरमारानें समुद्रांत असे ध्वनिग्राहक सोडले, तेव्हां ह्या तडतडीनें त्या कामांत मोठाच व्यत्यय आणला. शास्त्रज्ञांनीं छडा लावला, आणि अपराधी निघाली बोटाच्या एक-दोन पेरांएवढी एक कोळंबी! तिची एक नांगी दुसरीपेक्षां कितीतरी मोठी असते, आणि ती नांगी ती झटक्यानें मिटते. इ. स. १९४७ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें. पुढें इ. स. २००० मध्यें असेंहि दाखविण्यांत आलें कीं, हा आवाज नांगीचीं टोंकें एकमेकांवर आपटल्याचा नव्हे. नांगी इतक्या वेगानें मिटते कीं पाण्यांत क्षणभर एक बुडबुडा उत्पन्न होतो, आणि तो दबून फुटतांना हा आवाज होतो.

कथा मनोरंजक खरी. पण ती ऐकतांच चौकस मनांत एक प्रश्न उभा राहतो : ही कोळंबी कोणती? कारण नांगी वाजविणाऱ्या कोळंब्यांच्या एक-दोन नव्हे, शेंकडों जाती आहेत. त्यांत कोणी जोडीनें बिळांत राहतात, कोणी स्पंजाच्या पोकळींत मोठ्या वसाहती करून राहतात. दिसायला मात्र त्या एकमेकींसारख्याच. तेव्हां "ही कोणती?" ह्या साध्या प्रश्नाला खात्रीचें उत्तर देण्यासाठीं प्राणिशास्त्रांत जी पद्धति रूढ आहे, तिच्याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. नवी जाति ठरते कशी, तिचें वर्णन म्हणजे नेमकें काय, आणि तें झालें नाहीं तर कोणाचें काय बिघडतें, हे तीन मुद्दे मी आपणांपुढें ठेवीन.

आपलें कोल्हापूर समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेलें. प्रवाळाचा आणि आपला संबंध काय, असें कोणी विचारील. पण करूळचा किंवा फोंड्याचा घाट उतरला कीं आपण कोंकणांत पोहोंचतों, आणि मालवणास जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहिला नाहीं असें कुटुंब आपल्यांत विरळाच. त्या किल्ल्याच्या परिसरांत पाण्याखालीं प्रवाळ आहे, इ. स. १९८७ मध्यें तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. आणखी पश्चिमेला, विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटरांवर, समुद्रांत बुडालेलें एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पाण्याखालीं सुमारें २० मीटरांवर असून त्यावर प्रवाळ वाढलेलें आहे. ह्या पठाराला आंग्रे बँक म्हणतात. कान्होजी आंग्र्यांचें नांव असें समुद्राच्या तळाशींहि कोरलेलें आहे. आणि तसेंच दक्षिणेस गेलें म्हणजे लक्षद्वीप लागतें. तीं बेटें तर प्रवाळाचींच बनलेलीं आहेत.

प्रवाळ म्हणजे पोंवळें हें आपणांस अंगठींतल्या तांबड्या खड्यामुळें ठाऊक आहे. समुद्रांत खडक बांधणारें प्रवाळ हें त्या पोंवळ्याचें दूरचें भावंड. अतिशय लहान, मऊ शरीराचे असंख्य प्राणी एकमेकांस चिकटून राहतात आणि स्वतःभोंवतीं चुन्याचें घर बांधतात. पिढ्यांमागून पिढ्या त्या घरांवर घरें चढत जातात आणि त्यांचा खडक होतो. ह्या प्राण्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व यजमानाला त्याचा मोठा वाटा देतें. अशा खडकाला जितक्या फटी, कपारी व कोनाडे, तितके त्यांत बिऱ्हाडकरू. आणि ह्या बिऱ्हाडकरूंत संख्येनें मोठा व आकारानें लहान असा एक वर्ग म्हणजे आपल्या आजच्या विषयांतील कोळंब्या.

कोळंबी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें सोडे येतात, नाहींतर जवळा येतो. प्रवाळांतील कोळंब्या बहुधा जवळ्याच्याच मापाच्या. परंतु त्यांचे व्यवसाय किती निरनिराळे! कोणी समुद्रपुष्पाच्या विषारी तंतूंच्या आड निर्धास्तपणें राहते. कोणी तारामाशाच्या अंगावर त्याच्याच रंगाची होऊन बसते. कोणी शिंपल्याच्या आंत बिऱ्हाड करते. कोणी तर माशांची न्हावीण असते : खडकाच्या कपारीशीं उभी राहून ती अंग डोलविते, मासा ती खूण ओळखून थांबतो, आणि मग त्याच्या अंगावरचे परजीवी जीव ती एकेक करून टिपून खाते. माशाला आराम, तिला जेवण.

अशाच एका साफसफाई करणाऱ्या वंशांतील कोळंबीचें वर्णन इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. ती लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळील प्रवाळांत सांपडली, आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांनीं तिचा अभ्यास करून तिला नांव दिलें "यूरोकॅरिडेला अरेबियानेन्सिस". ह्या वंशांतील कोळंब्यांचें शरीर कांचेसारखें पारदर्शक असतें व त्यावर तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. पाण्यांत ती दिसते ती बहुधा नुसत्या ठिपक्यांची एक हलती रांगोळी म्हणूनच.

येथें "नवी जाति" ह्या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ही कोळंबी २०२० सालीं जन्माला आली असें मुळींच नव्हे. तिचे पूर्वज त्या प्रवाळांत हजारों वर्षें माशांची सेवा करीत असतील. तेथील कोळ्यांनीं ती कधीं पाहिली नसेल, असेंहि नव्हे. आपल्या कोंकणांतली कोळीण जवळा, करंदी, कोळंबी, शेवंड असा भेद डोळे मिटून करील, आणि तो भेद तिच्या धंद्यापुरता पक्का असतो. "नवी" ह्याचा अर्थ एवढाच कीं, जगांतील प्राण्यांची जी एक सार्वजनिक नोंद शास्त्रज्ञांनीं पिढ्यान्पिढ्या ठेवली आहे, तींत ह्या प्राण्याची नोंद नव्हती. जन्म आणि जन्माचा दाखला ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. वर्णन म्हणजे हा दाखला होय.

आतां तो मिळतो कसा तें पाहूं. पहिली पायरी शोधाची. पाणबुड्या खडकाच्या कपारी न् कपारी पाहतो आणि नमुने जपून वर आणतो. वर येतांच पहिलें काम त्यांचे रंग टिपण्याचें. कारण नमुना टिकावा म्हणून तो मद्यार्कांत ठेवावा लागतो, आणि मद्यार्कांत रंग उडून जातात. पारदर्शक शरीर पांढुरकें होतें, ठिपके नाहींसे होतात. पूर्वीच्या काळीं जिवंतपणींचा रंग कोणी लिहून ठेवला नाहीं, म्हणून कित्येक जुन्या वर्णनांचा उलगडा करणें आज कठीण जातें. स्थळ, तारीख, खोली, आणि ती कोणाच्या आश्रयानें राहत होती, हेंहि त्याच वेळीं लिहावें लागतें. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलें पत्र.

दुसरी पायरी तुलनेची, आणि खरें कष्ट येथेंच आहेत. स्वयंपाकघरांत कोळंबी साफ करतांना तिच्या डोक्यापुढचा जो कांटा बोटाला टोंचतो, त्याकडे आपलें लक्ष जातें तें त्रासिकपणेंच. शास्त्रज्ञाचें काम त्याच कांट्यापासून सुरू होतें. हा कांटा करवतीसारखा असतो. त्याला वरच्या बाजूस दांत किती, खालच्या बाजूस किती, पहिला दांत डोळ्याच्या मागें आहे कीं पुढें, कांटा सरळ आहे कीं टोंकाला वर वळलेला, हें सर्व सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचें. मग पाठीवरच्या कवचावरील बारीक कांटे. मग तोंडाचे अवयव, एकापाठीमागें एक. मग पायांच्या जोड्या, त्यांतील प्रत्येक सांध्याची लांबी. नांग्यांच्या बोटांवरील दांत. आणि शेवटीं शेपटीच्या मधल्या पात्यावरचे सुईच्या अग्राहून बारीक कांटे. हें एका नमुन्यावर भागत नाहीं. नर, मादी, अंडीं वाहणारी मादी, लहान-मोठीं वयें, असे जितके मिळतील तितके नमुने पाहावे लागतात, आणि प्रत्येक अवयवाची आकृति हातानें काढावी लागते. छायाचित्रण इतकें पुढें गेलें तरी रेखाचित्राचें महत्त्व कमी झालेलें नाहीं. कारण छायाचित्र सगळेंच दाखवितें, रेखाचित्र दाखवायचें तेवढेंच दाखवितें.

आपल्या शहरांतला जुना कारागीर चप्पल हातांत घेऊन तिची वेणी, तिचे कान, तिची शिवण पाहतो, आणि ती कोणाच्या हातची हें सांगूं शकतो. आपणांस मात्र सगळ्या चपला सारख्याच दिसतात. शास्त्रज्ञाची नजरहि अशीच अभ्यासानें तयार होते. पण एक फरक आहे. कारागिराचा शब्द आपण विश्वासानें मानतों. शास्त्रज्ञाला आपला शब्द दुसऱ्या कोणालाहि पडताळून पाहतां येईल अशा रीतीनें कागदावर मांडावा लागतो.

हा पडताळा केवळ आजच्या नमुन्यांशीं घालून चालत नाहीं. प्राण्यांच्या नांवांची अधिकृत सुरुवात स्वीडिश पंडित लिनियस ह्याच्या ग्रंथाच्या इ. स. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून मानतात, आणि नियम असा कीं, एकाच प्राण्याला दोघांनीं नांवें दिलीं असतील तर सामान्यतः जें आधींचें तें खरें. म्हणून आपली कोळंबी नवी आहे असें म्हणण्यापूर्वीं जुन्या सर्व नोंदी चाळून, ती कोणी आधींच वर्णिलेली नाहीं, ह्याची खात्री करावी लागते. यूरोकॅरिडेला हा वंश बोरडेल ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें इ. स. १९१५ मध्यें स्थापिला. आपल्याकडे कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें इ. स. १९१० पासून काम करणाऱ्या स्टॅनले केम्प ह्यांनीं प्रवाळ, समुद्रपुष्पें, शिंपले ह्यांच्या आश्रयानें राहणाऱ्या लहान कोळंब्यांवर इ. स. १९२२ मध्यें एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. शंभर वर्षांनंतरहि ह्या कोळंब्यांच्या अभ्यासकाला तो उघडावा लागतो. भौतिकशास्त्रांतील शंभर वर्षांपूर्वींचा निबंध आज बहुधा इतिहासकारच वाचतो; ह्या शास्त्रांत मात्र जुना कागद हा चालू कागद असतो.

अलीकडे आणखी एक साक्ष उपलब्ध झाली आहे. प्राण्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा एक ठराविक तुकडा वाचून तो जवळच्या जातींच्या तशाच तुकड्याशीं ताडून पाहतात. दोन कोळंब्या बाहेरून सारख्या असून ह्या साक्षींत फार दूरच्या निघाल्या, तर पुन्हां सूक्ष्मदर्शकाकडे वळून सुटून गेलेला फरक शोधावा लागतो. पण एकट्या ह्या साक्षीवर निकाल देणें बरें नव्हे. जुने जे नमुने व जीं वर्णनें, त्यांच्याशीं दुवा जोडणारी गोष्ट अखेर दांत, कांटे आणि नांग्या हीच आहे.

येथें सावधगिरीचें एक उदाहरण देतों. मघांची ती नांगी वाजविणारी कोळंबी घ्या. भांडणांत तिची मोठी नांगी तुटली तर काय होतें? पुढें कात टाकतांना तिची लहान नांगी वाढून मोठी होते, आणि तुटलेल्या जागीं नवी लहान नांगी उगवते. उजवी डावी होते, डावी उजवी! आतां एखाद्या उतावळ्या अभ्यासकानें, उजवी नांगी मोठी असलेल्यांची एक जाति आणि डावी मोठी असलेल्यांची दुसरी, असें ठरविलें तर? अशा चुका झालेल्या आहेत. एकाच प्राण्याला दोन-दोन, तीन-तीन नांवें मिळून तीं पुढें रद्द करावीं लागलेलीं आहेत. म्हणून नवें वर्णन म्हणजे निकाल नव्हे, तो एक पुराव्यासह केलेला दावा आहे. तो तपासण्याचा हक्क पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला आहे.

आणि हा हक्क खरा ठरावा म्हणूनच तिसरी पायरी आहे : मूळ नमुन्याची. संशोधक आपल्या नमुन्यांतून एक नमुना निवडतो आणि जाहीर करतो कीं, हें नांव ह्या एका नमुन्याशीं बांधलेलें आहे. तो नमुना एखाद्या मान्य संग्रहालयांत, क्रमांक घालून, कायमचा ठेवावा लागतो. पूर्वीं ह्या बाबतींत ढिलाई चालत असे, इ. स. २००० पासून मात्र मूळ नमुना स्पष्टपणें नेमल्याशिवाय नव्या जातीचें नांव ग्राह्यच धरीत नाहींत. जुन्या काळीं बाजारांतील शेर-मापटें खरें कीं खोटें हें ठरविण्यासाठीं सरकारांत एक प्रमाण माप ठेवीत. तंटा झाला कीं त्याच्याशीं ताडून पाहात. हा नमुना म्हणजे तसेंच प्रमाण माप. शंभर वर्षांनीं कोणी म्हणालें कीं, माझ्या हातांतली कोळंबी तीच आहे, तर त्या बाटलींतल्या कोळंबीशेजारीं ती ठेवून पाहतां येईल. एका इवल्या जिवाचा प्राण ह्यासाठीं खर्ची पडतो, हें खरें. म्हणूनच नमुने मोजके घ्यावेत आणि घेतलेला एकहि वायां जाऊं देऊं नये, अशी ह्या शास्त्राची शिस्त आहे.

चौथी पायरी बारशाची. प्राण्याचें शास्त्रीय नांव दोन शब्दांचें असतें : पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. ह्या शब्दांचीं रूपें लॅटिन व्याकरणानें चालतात, म्हणून तीं आपणांस परकीं वाटतात; पण त्यांतील युक्ति आपल्या ओळखीचीच आहे. "अरेबियानेन्सिस" ह्याच्या शेवटचा "एन्सिस" हा प्रत्यय म्हणजे "तेथील", अर्थात् आपला "कर". आपण कोल्हापूरकर, सातारकर म्हणतों ना, तसाच हा अरबी समुद्रकर! आणि हें बोलणें थट्टेवारी नेऊं नका. इ. स. २००९ मध्यें आपल्या भागांतील घाटांतल्या एका लहानशा पालीचें वर्णन प्रसिद्ध झालें. तिचें नांव आहे "निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस". म्हणजे कोल्हापूरकर ही पदवी आपण ज्या अभिमानानें मिरवितों, ती सह्याद्रींतील पालापाचोळ्यांत धांवणाऱ्या एका पालीनेंहि मिळविलेली आहे. जगांतील कोणत्याहि भाषेच्या पुस्तकांत तिचा उल्लेख झाला कीं आपल्या गांवाचें नांव उच्चारावेंच लागतें.

येथवर नवी जाति ठरते कशी हें पाहिलें. आतां शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न. एवढा खटाटोप कशासाठीं? जगांत माणसांनाच पोटभर अन्न नाहीं, आणि आपण एका ठिपक्याठिपक्यांच्या कोळंबीचे दांत मोजीत बसावें काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं समुद्रावरून मी आपणांस परत आपल्याच जिल्ह्यांतील एका नदीवर नेतों.

हिरण्यकेशी आंबोलीस उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज असा आपल्या जिल्ह्यांतून प्रवास करून पुढें घटप्रभेला मिळते. उगमापाशीं महादेवाचें देऊळ आहे आणि देवळापुढें झऱ्याचें कुंड आहे. ह्या कुंडांत एक लहानसा मासा राहतो. येणारा-जाणारा भाविक तो पाहात होता. पाय धुवून, पाणी पिऊन पुढें जात होता. इ. स. २०२० मध्यें जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे व शंकर बालसुब्रमण्यम ह्यांनीं त्या माशाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि नदीच्याच नांवावरून त्याला "शिस्तुरा हिरण्यकेशी" असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, इ. स. २०२१ मध्यें, महाराष्ट्र सरकारनें ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केली. मासा तोच, पाणी तेंच, देऊळ तेंच. मध्यंतरीं बदललें तें एवढेंच कीं, त्या माशाला नांव मिळालें. सरकारच्या आदेशांत "कुंडांतले ते बारके मासे" असें लिहून भागत नाहीं. कोणत्या प्राण्याचें रक्षण करावयाचें, तो दुसरीकडे आहे कीं नाहीं, ह्याचीं उत्तरें कायद्याला हवीं असतात. आणि तीं नांवाशिवाय देतां येत नाहींत. निनांवी प्राणी न्यायालयांत उभा राहूं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या सड्यांवरचें. पन्हाळ्याजवळचें मसाईचें पठार असो, कीं दक्षिणेकडचे जांभ्या दगडाचे उघडे सडे असोत, पावसाळ्यांत त्यांवर ठिकठिकाणीं पाण्याचीं डबकीं सांचतात. सह्याद्रीच्या अशा अल्पायुषी डबक्यांत कवच नसलेला, पोट वर करून उताणा पोहणारा, कोळंबीचा एक दूरचा नातलग राहतो. डबकें आटलें कीं तो मरतो. पण त्याचीं अंडीं वाळलेल्या मातींत उन्हाळा काढतात, कधीं कधीं कित्येक वर्षें काढतात, आणि पुन्हां पाणी सांचलें कीं फुटतात. ह्याच गटांतील एका जातीचें वर्णन डी. क्रिस्टोफर रॉजर्स व समीर पाध्ये ह्यांनीं इ. स. २०१४ मध्यें केलें. तिचें नांव "स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस". नराच्या डोक्यावरच्या, मादीला धरण्याच्या अवयवाची ठेवण हें ह्या वंशांतील जाती ओळखण्याचें मुख्य गमक. आतां विचार करा. सडा उन्हाळ्यांत पाहिला तर तो नुसता ओसाड कातळ दिसतो. सरकारी दप्तरांत अशा जागेला पडीक म्हणतात. त्याच्या पोटांत बॉक्साइट असतें, माथ्यावर बंगले बांधायला मोकळी जागा असते. कातळावरच्या त्या वितभर खोल पाण्यांत जगांत अन्यत्र नसलेला जीव राहत असूं शकेल, हें सांगणारा कागद हातांत नसेल, तर "येथें कांहींच नाहीं" असें म्हणणाऱ्याला उत्तर कोणत्या आधारानें द्यावयाचें?

लक्षद्वीपच्या प्रवाळाची अवस्था ह्याहून बिकट आहे. समुद्राचें पाणी कांहीं आठवडे नेहमींपेक्षां अधिक तापलेलें राहिलें, कीं प्रवाळाच्या अंगांतलें तें अन्न देणारें शैवाल निघून जातें. प्रवाळ पांढरें फटफटीत पडतें, आणि पाणी वेळींच निवलें नाहीं तर मरतें. इ. स. १९९८, २०१० आणि २०१६ सालच्या उष्णतेनें तेथील प्रवाळाचें मोठें नुकसान केलें. खडक मेला म्हणजे कपारी हळूहळू ढासळतात, आणि बिऱ्हाडकरू बेघर होतात. ह्या बिऱ्हाडकरूंतील ज्यांचीं नांवें नोंदलेलीं आहेत, त्यांच्याविषयीं निदान एवढें तरी म्हणतां येईल कीं, अमुक सालीं ती येथें होती, आतां दिसत नाहीं. ज्यांची नोंदच झाली नाहीं, त्यांचें जाणें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. मृत्यूची नोंद करावयाला आधीं जन्माची नोंद लागते.

म्हणून ह्या वर्णनांची निकड आहे. नांव दिल्यानें प्राणी वांचतोच असें नाहीं. प्रवाळ वांचविण्यासाठीं समुद्र तापूं न देणें हाच उपाय आहे, आणि तो कोणा एका शास्त्रज्ञाच्या हातांतला नव्हे. परंतु आपण काय गमावीत आहोंत ह्याची खरी यादी हातांत असणें, ही त्या उपायाची पहिली अट आहे. मोठे प्राणी, पक्षी, फुलें ह्यांच्या याद्या पुष्कळशा पूर्ण झाल्या आहेत. अपुरी राहिली आहे ती ह्या लहानांची. आणि ती पुरी करणारीं माणसें फार थोडीं. दांत मोजण्याच्या कामांत प्रसिद्धि नाहीं, पैसा नाहीं, आणि शिकायला वर्षें लागतात. आपल्या घरांतील एखादी मुलगी किंवा मुलगा पावसाळ्यांत डबक्यापाशीं तासन् तास ओणवा होऊन बसत असेल, तर त्याला तेथून ओढून आणण्याची घाई करूं नका. एक साधें भिंग आणि एक वही त्याच्या हातीं द्या. काय दिसलें, कोठें, कोणत्या तारखेला, पाणी किती खोल होतें, हें लिहून ठेवायला शिकवा. ह्या शास्त्राचें पहिलें पाऊल त्याहून निराळें नाहीं.

आणि पुढच्या सुटींत मालवणास गेलांत, तर आठवणीदाखल प्रवाळाचा तुकडा घरीं आणूं नका. एक तर खडक बांधणाऱ्या प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. आणि दुसरें म्हणजे तो तुकडा रिकामा दगड नसून कोणाचें तरी घर आहे. ज्याचें बारसें अजून व्हावयाचें आहे, असा एखादा जीव त्याच्या कपारींत अंग डोलवीत उभा असेल.